कालनिर्णयच्या वाकड्या चौकटी आणि डोळ्यातली नऊ इंजेक्शनं

२ जुलै २०२३, रविवार. सकाळी तोंड धुताना उजव्या डोळ्यात साबण गेला. त्या डोळ्यावर टॉवेल दाबून मी स्वयंपाकघरात आले आणि सवयीने भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघितलं. जुलैचं पान आदल्याच दिवशी उलटलं होतं, संकष्टी कधी आहे ते बघायचं होतं. चौकटींच्या रेघा मधोमध आत ओढल्यासारख्या वाकल्या होत्या. जिथे नजर लावावी तिथलाच आकडा पुसलेला, आजूबाजूचे मात्र दिसत होते. वाटलं, पान ओलं होऊन फुगलं असेल. हात फिरवून बघितला. पान कोरडं होतं, सपाट होतं. टॉवेल काढून दोन्ही डोळ्यांनी बघितलं तर सगळं सरळ. डावा डोळा झाकला, सरळ. उजवा झाकला, वाकडं.

हे किती वेळा करून बघितलं ते सांगता येणार नाही. चहा उतू गेला तेव्हा भानावर आले. घरात कोणाला काही बोलले नाही. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या, त्यांना सांगून नुसती काळजी लावायची. ह्यांना दुपारी जेवणं झाल्यावर सांगितलं.

मी पंचावन्न वर्षांची. राहायला भांडुपला, नोकरी लालबागच्या एका पतपेढीत, खतावणी आणि पासबुकांचं काम. मागे वळून बघितलं तर खुणा महिनाभर आधीपासून होत्या. तीन आणि आठ यांची गल्लत व्हायला लागली होती. एका खातेदार आजींच्या पासबुकात ३,३०० च्या जागी ८,३०० चढवले गेले, त्यांनीच ते दाखवून दिलं. जूनच्या मध्यावर चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून घेतला तेव्हा तिथल्या मुलाने सांगितलं होतं, "काकू, डावा डोळा कुठल्याच काचेने सुधारत नाहीये. आधी डॉक्टरांना दाखवा, मग चष्मा करू." मी कानाडोळा केला. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याचं काम करून टाकतो, त्यामुळे आपल्याला पत्ताच लागत नाही. म्हणून आता भेटेल त्याला सांगते, आठवड्यातून एकदा एकेक डोळा झाकून कालनिर्णयकडे, खिडकीच्या गजांकडे किंवा बाथरूमच्या टाइल्सकडे बघा. अर्धं मिनिट लागतं.

सोमवारी संध्याकाळी कामावरून येताना स्टेशनजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. बाहुली मोठी करायचे थेंब घातले, अर्धा तास बसवलं, मग दिव्यातून आत बघितलं. डॉक्टर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ताई, तुमचं बीपी कधी मोजलंय?" मोजलं होतं, तीन वर्षांपूर्वी. तेव्हा गोळी सुरू झाली होती, दोन महिने घेतली आणि बरं वाटतंय म्हणून मीच बंद केली. त्यांनी तिथल्या तिथे मोजलं, १७०/१००. डाव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे डाग दिसतायत, एक शीर बंद पडल्यासारखी वाटते, इथे थांबू नका, पडद्याच्या तज्ज्ञांकडे याच आठवड्यात जा, असं सांगून त्यांनी चिठ्ठी दिली. फी ५००. थेंबांमुळे परतताना समोरच्या रिक्षांचे दिवे सूर्यासारखे दिसत होते. बाहुली मोठी केली की चार-सहा तास जवळचं वाचता येत नाही आणि उजेड सहन होत नाही. एकटं जाऊ नये, आणि गॉगल जवळ ठेवावा.

६ जुलै, गुरुवार. दादर पश्चिमेच्या एका डोळ्यांच्या रुग्णालयात रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या, डॉक्टरांची वेळ मिळाली. साडेदहाची वेळ होती, आमचा नंबर लागला पावणेदोनला. आधी तक्ता वाचायला लावला. उजवा डोळा ६/६, म्हणजे नजर पूर्ण. डावा ६/३६, म्हणजे वरच्या दोन ओळींपलीकडे काही नाही. मग ओसीटी. हा पडद्याचा स्कॅन. दुखत नाही, स्पर्श नाही. हनुवटी टेकवून हिरव्या खुणेकडे बघत राहायचं. माझी पंचाईत अशी की खूण मधोमध होती आणि डाव्या डोळ्याला मधलंच दिसत नव्हतं. टेक्निशियन मुलगी फार समजूतदार होती. म्हणाली, "खूण दिसली नाही तरी ती जिथे असेल असं वाटतंय तिथे बघा, मावशी."

डॉक्टरांनी संगणकाच्या पडद्यावर दोन्ही डोळ्यांचे स्कॅन शेजारी शेजारी लावले. उजव्यात मधोमध छानसा खळगा होता. डाव्यात खळग्याच्या जागी डोंगर, आणि त्यात काळी पोकळ भोकं. ती भोकं म्हणजे साठलेलं पाणी. जाडी ५४८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तिथे अडीचशेच्या आसपास असायला हवी.

त्यांनी जे समजावलं ते मी घरी येऊन वहीत उतरवलं. पडद्यात धमनी आणि शीर जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे दोघींचं बाहेरचं वेष्टण एकच असतं. बीपी वाढलेलं राहिलं की धमनी कडक होते आणि शेजारच्या शिरेला दाबते. शिरेतलं रक्त अडतं, मागे तुंबतं, त्यातलं पाणी आणि थोडं रक्त पडद्यात झिरपतं. हे पाणी पडद्याच्या मध्यभागी, मॅक्युलात, साठलं की वाचायची, चेहरा ओळखायची बारीक नजर जाते. शिवाय रक्तपुरवठा अडखळलेला पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो, त्याने बारीक वाहिन्या आणखी गळतात. इंजेक्शन त्या प्रथिनाला अडवतं. गळती थांबते, सूज उतरते.

मी विचारलं, "मग इंजेक्शनने शीर उघडते का?"

"नाही. शीर तशीच राहते. शरीर हळूहळू आजूबाजूने दुसऱ्या वाटा काढतं. त्याला महिने लागतात, कधी वर्षं. तोवर इंजेक्शनने पडदा कोरडा ठेवायचा."

हे उत्तर मी तेव्हा ऐकलं, वहीत लिहिलंसुद्धा, पण मला ते कळलं नव्हतं. पुढे जे झालं ते यामुळेच.

त्या दिवशीचं बिल होतं तपासणी १,२०० आणि ओसीटी २,२००. शनिवारी अँजिओग्राफीला बोलावलं. ही हृदयाची नव्हे, डोळ्याची. हातातल्या शिरेतून पिवळा रंग टोचतात आणि तो पडद्यात फिरताना भराभर फोटो काढतात. अर्ध्या मिनिटात मळमळायला लागलं, एक मोठा श्वास घेतल्यावर गेलं. आधी माहीत असेल तर घाबरायला होत नाही म्हणून लिहिते, दुसऱ्या दिवसापर्यंत लघवी गर्द पिवळी-केशरी होते आणि कातडीवरही पिवळट झाक येते. ३,००० रुपये. निकाल बऱ्यापैकी होता, रक्त न पोचलेला भाग थोडाच, त्यामुळे लेझरची गरज नाही. मधल्या दिवसांत फिजिशियनकडे बीपीची गोळी परत सुरू झाली, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून झालं. साखर काठावर निघाली.

आता इंजेक्शन कोणतं घ्यायचं, हा प्रश्न. समुपदेशनाच्या टेबलावर एक मुलगी छापील दर घेऊन बसली होती. त्या रुग्णालयात, तेव्हा, ऑपरेशन थिएटरचा खर्च धरून बेव्हॅसिझुमॅब ९,०००, रॅनिबिझुमॅबचं भारतीय बायोसिमिलर (मूळ औषधाशी मिळतंजुळतं, दुसऱ्या कंपनीने बनवलेलं) १६,५००, अफ्लिबरसेप्ट ५५,०००. आकडे बघून माझं तोंड कोरडं पडलं, कारण "साधारण किती लागतील?" याला उत्तर होतं, "आधी दर महिन्याला एक अशी तीन, पुढचं स्कॅन बघून."

मी परत डॉक्टरांसमोर बसले आणि सरळ विचारलं, तुमच्या बहिणीला काय दिलं असतं? त्यांनी शांतपणे सांगितलं. बेव्हॅसिझुमॅब मूळचं आतड्याच्या कॅन्सरचं औषध. डोळ्यासाठी ते जगभर वापरतात, पण मोठ्या कुपीतून छोटे डोस वेगळे काढावे लागतात आणि तिथे निर्जंतुकपणा काटेकोर नसेल तर संसर्गाचा धोका. २०१६ मध्ये गुजरातमधल्या घटनेनंतर केंद्राच्या औषध नियंत्रकांनी ते डोळ्यात वापरू नका असा इशारा दिला होता, नंतर तो मागे घेतला. काम ते चांगलं करतं. रॅनिबिझुमॅब डोळ्यासाठीच बनवलेलं, त्याचं बायोसिमिलर आपल्याकडे २०१५ पासून मिळतं. अफ्लिबरसेप्टचा परिणाम काहींना जास्त दिवस टिकतो. "जे औषध तुम्हाला वर्षभर परवडेल ते निवडा. एकच महागडं घेऊन थांबण्यात अर्थ नाही." आम्ही मधलं निवडलं.

१४ जुलै, शुक्रवार, पहिलं इंजेक्शन. तीन दिवस आधीपासून अँटिबायोटिक थेंब घालायचे होते. सकाळी डोक्यावरून अंघोळ करून यायला सांगितलं होतं, कारण नंतर पाच दिवस डोक्यावरून पाणी घ्यायचं नव्हतं. काजळ, पावडर काही नाही. आधारची प्रत, संमतीपत्रावर सही. संमतीपत्रात रक्तस्राव, संसर्ग, पडदा सुटणे, दृष्टी जाणे असं सगळं ओळीने लिहिलेलं असतं. ह्यांनी ते मोठ्याने वाचायला घेतलं, मी म्हटलं, मनात वाचा.

बीपी निघालं १७८. सिस्टर म्हणाली, "असं असताना आत घेणार नाहीत, काकू. बसा जरा." तासभर बाकावर बसले. माझ्या शेजारी पालघरहून आलेले एक काका होते, सत्तरीचे, साखरेमुळे पडद्याला सूज आलेली, त्यांचं अकरावं इंजेक्शन. माझे हात थरथरताना बघून म्हणाले, "ताई, पहिल्या वेळी मी जिन्यावरून परत फिरलो होतो. आता डबा घेऊन येतो. झालं की खाली बसून जेवतो आणि गाडी पकडतो." साखर पंधरा वर्षांची, पण डोळ्याचा पडदा कोणी तपासला नव्हता आणि त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं. साखर असलेल्याने वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा बघून घ्यायचा असतो, नजर चांगली असली तरीही. हे मलाही त्या बाकावरच कळलं. दुसऱ्यांदा मोजलं तेव्हा बीपी १४८ आलं.

डाव्या भुवईच्या वर पेनाने बाण काढला. गाऊन, टोपी. आत थंडी होती आणि दिवा फार प्रखर. सुन्न करणारे थेंब तीनदा घातले, पहिला चुरचुरला, तिसरा कळलाही नाही. मग पापण्या आणि भोवतालची कातडी तपकिरी आयोडीनने पुसली, डोळ्यातही त्याचे थेंब घातले. चेहऱ्यावर चिकटणारं हिरवं कापड लावलं, डोळ्यापुरतं भोक असलेलं. त्या कापडाखाली श्वास अडतोय असं वाटलं आणि माझा धीर तिथेच सुटायला लागला. मी तसं सांगितलं. सिस्टरने कापडाची कड नाकाजवळ उचलून धरली आणि माझा हात हातात घेतला. एवढंसंच, पण त्याने निभावलं. घुसमटायला होत असेल तर सांगा, तिथल्या लोकांना त्याची सवय असते.

पापण्या मिटू नयेत म्हणून तारेची चाप बसवतात, तिचा दाब जाणवतो. सुई डोळ्यासमोरून येताना दिसेल ही माझी सगळ्यात मोठी भीती होती. ती दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, "वर बघा, उजवीकडे, तिथेच ठेवा नजर." बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर पांढऱ्या भागात टोचतात, आपण दुसरीकडे बघत असतो. कोणी बोटाने दाबावं तसं वाटलं. औषध असतं ०.०५ मिलिलीटर, पाण्याच्या एका थेंबाएवढं. आणि मग, पाण्याच्या पेल्यात शाई सोडावी तशा काळ्या वेटोळ्या रेषा डोळ्यात फिरायला लागल्या. मी ओरडलेच, "काहीतरी काळं दिसतंय!" "औषध आहे ते. किती बोटं?" "दोन." "झालं."

टोचायला मिनिटसुद्धा लागलं नव्हतं. त्यासाठी मी आठवडाभर झोपले नव्हते.

खरा त्रास रात्री झाला. सुन्नपणा उतरल्यावर डोळ्यात वाळू गेल्यासारखी आग, सतत पाणी. मी रात्री अकराला रुग्णालयाच्या नंबरवर फोन केला. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, नजर कालपेक्षा कमी झालीय का, दुखणं वाढत चाललंय का? दोन्ही नाही. मग ही आयोडीनची आग, सकाळपर्यंत जाईल, कृत्रिम अश्रूंचे थेंब घाला. तसंच झालं. पुढच्या प्रत्येक वेळी मी आधीच सांगायचे की शेवटी डोळा सलाइनने नीट धुवा, आणि त्रास निम्म्याने कमी व्हायचा. पण हा फरक प्रत्येकाने लक्षात ठेवावा. आग पहिल्या रात्री होऊन उतरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दुखणं वाढायला लागलं, डोळा लाल होऊन नजर धूसर झाली, तर तो आतला संसर्ग असू शकतो. तो क्वचित होतो, पण झाला तर तासांचा हिशेब असतो. सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं.

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या भागावर शेंदरासारखा लाल डाग होता. ट्रेनच्या डब्यातल्या बायका विचारायच्या, मार लागला का? तो डाग काही करत नाही, दहा-बारा दिवसांत जातो. शेजारच्या वहिनींनी गुलाबपाणी आणून दिलं. प्रेमाने दिलं होतं, मी ठेवून घेतलं आणि डोळ्याला लावलं नाही. केस धुवायला पाचव्या दिवशी पार्लरमध्ये गेले, मान मागे टाकून धुतात तसे.

आठव्या दिवशी सकाळी कालनिर्णयसमोर उजवा डोळा झाकला. रेघा अजून वाकड्या होत्या, पण मधला आकडा दिसत होता. पुसट, धुरातून दिसावा तसा. मी तिथेच ओट्याला टेकून रडले. सासूबाई आल्या, त्यांना तेव्हा सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी का नाही सांगितलंस? मी रोज देवापुढे बसतेच, तुझंही नाव घेतलं असतं."

१४ ऑगस्टचा स्कॅन ३३१, नजर ६/१८. १७ ऑगस्टला दुसरं इंजेक्शन. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पाऊस जवळजवळ पडलाच नाही, धूळ फार होती, म्हणून ट्रेनमध्ये सारखा गॉगल लावायचे. तिसरं १५ सप्टेंबरला, गणपती १९ ला. लालबागला त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते, गुलाल, धूर, ढकलाढकली. साहेबांना सांगून चार दिवसांची रजा घेतली. घरच्या गणपतीला मोदकाच्या वाफेपासून मला लांब बसवलं होतं, कळ्या मात्र मी पाडल्या. १७ ऑक्टोबरचा स्कॅन २६२. पडदा कोरडा. ६/१२.

डॉक्टरांनी चौथ्या इंजेक्शनची तारीख दिली होती. मी गेले नाही.

कारण पैसे, आणि त्यामागे विमा. आमची आरोग्य विम्याची पॉलिसी दहा वर्षांची, एकदाही दावा केलेला नाही. पहिल्या वेळी काउंटरवर कॅशलेस नाकारलं, म्हणून आधी पैसे भरून नंतर परत मागायचे ठरवलं. तिन्ही वेळचे कागद मुदतीत पाठवले. दाव्याचा फॉर्म, डेकेअरचा डिस्चार्ज कागद, अंतिम बिल, पावती, आधीचा आणि नंतरचा स्कॅन, डॉक्टरांची चिठ्ठी, इंजेक्शनच्या खोक्यावरचा बॅच क्रमांकाचा स्टिकर, रद्द केलेला चेक. तो स्टिकर थिएटरमधूनच मागून घ्यावा लागतो, नंतर मिळत नाही. २८ ऑगस्टला पहिल्या दाव्याचं उत्तर आलं, चोवीस तास भरती नसल्याने दावा नामंजूर. पुढच्या दोन्हींना तेच वाक्य. साडेएकोणपन्नास हजार गेले होते, दिवाळी तोंडावर होती, मुलाच्या पुण्यातल्या खोलीचं डिपॉझिट भरायचं होतं. नजर तर सुधारली होती. मनाशी म्हटलं, आता बरं आहे, बघू पुढे. तीन वर्षांपूर्वी बीपीच्या गोळीबद्दल म्हटलं होतं तसंच.

नोव्हेंबर ठीक गेला. डिसेंबरच्या शेवटी नवीन वर्षाचं कालनिर्णय लावलं आणि जानेवारीच्या चौकटी आत ओढलेल्या दिसल्या.

८ जानेवारी २०२४. स्कॅन ४७२, नजर ६/२४. मी डॉक्टरांसमोर मान खाली घालून बसले होते. ते रागावले नाहीत. त्यांनी ऑक्टोबरचा आणि आताचा स्कॅन शेजारी लावला आणि जुलैचं वाक्य पुन्हा म्हटलं, शीर अजून बंदच आहे. औषधाचा जोर महिना-दीड महिना टिकतो. त्यात पडदा कोरडा दिसतो, तो औषधामुळे. औषध उतरलं की शरीराने स्वतःची वाट काढलीय का ते कळतं. तुमच्या शरीराने अजून काढलेली नाही. "सूज परत आली म्हणजे इंजेक्शन फुकट गेलं असं नाही. पण सूज फार दिवस राहिली तर आतल्या पेशी मरतात, त्या मी परत आणू शकत नाही." तेव्हा मला कळलं. दर महिन्याला सुधारायला जायचं नव्हतं, राखायला जायचं होतं.

११ जानेवारीला चौथं, १२ फेब्रुवारीला पाचवं, १४ मार्चला सहावं. स्कॅन परत खाली आला, २७० पर्यंत.

याच दिवसांत विम्याचं कामही हललं, तेही रुग्णालयाच्या विमा डेस्कवरच्या एका गृहस्थांमुळे. मी सहज गाऱ्हाणं सांगितलं तर ते म्हणाले, "ताई, विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, सप्टेंबर २०१९ मध्ये बारा आधुनिक उपचारांची यादी काढली आहे. डोळ्यातलं इंजेक्शन त्यात नावानिशी आहे. कंपनी रकमेची मर्यादा घालू शकते, सरसकट नाही म्हणू शकत नाही. तुमच्या पॉलिसीच्या कागदात 'आधुनिक उपचार' हे शीर्षक शोधा." घरी येऊन बाड उघडलं. तेवीसाव्या पानावर होतं. आमच्या पॉलिसीत वर्षाला ५०,००० पर्यंत. दहा वर्षं हप्ते भरले, ते पान मी कधी उघडलं नव्हतं.

१६ जानेवारीला कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. मुलाने फोनवरून मसुदा करून दिला, अर्ध्या पानाचा, दाव्यांचे क्रमांक, पॉलिसीतलं कलम आणि आयआरडीएआयच्या त्या सूचनेचा उल्लेख. पंधरा दिवस नुसती पोच. ५ फेब्रुवारीला नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाकली. तिथेही उत्तर आलं नसतं तर विमा लोकपालांकडे जायची तयारी ठेवली होती. त्यांचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही, फक्त आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. तिथवर जावं लागलं नाही. २९ फेब्रुवारीला फोन आला, १२ मार्चला पहिल्या तीन इंजेक्शनांचे पैसे खात्यात जमा झाले, किरकोळ सामानाचे थोडे कापून. पुढच्या पॉलिसी वर्षातले दावे एकही प्रश्न न विचारता मर्यादेपर्यंत मिळाले. नऊ इंजेक्शनांचे एकूण १,४८,५०० झाले, त्यातले ९८ हजारांच्या आसपास परत आले. स्कॅन आणि तपासण्यांचा खर्च वेगळा, तो बहुतेक आमच्याच खिशातून.

ज्यांच्याकडे विमा नाही त्यांनी लगेच हातपाय गाळू नयेत. केईएम, नायर, सायन, जे. जे. इथे नेत्रविभाग आहेत, कामाठीपुऱ्यात महापालिकेचं डोळ्यांचं रुग्णालय आहे. धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकातल्या रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेविकेला आधी भेटावं, नंबर लावायच्या आधी.

मार्चनंतर डॉक्टरांनी अंतर वाढवायला सुरुवात केली. पडदा कोरडा असला तरी इंजेक्शन द्यायचं, पण पुढची तारीख दोन आठवड्यांनी लांब. सहा आठवड्यांनी सातवं, २५ एप्रिलला. आठ आठवड्यांनी आठवं, २० जूनला. दहा आठवड्यांनी नववं, २९ ऑगस्टला. या तारखा मी कालनिर्णयवर लाल पेनाने लिहायचे, दूध आणि गॅसच्या नोंदींच्या शेजारी. सहाव्यापासून हे बाहेरच थांबायचे, पेपर वाचत. आठव्याला मीही पोळीभाजीचा डबा नेला. पालघरचे काका दिसतात का बघितलं, दिसले नाहीत.

नववं देताना डॉक्टर म्हणाले, आता थांबून बघू. हे थांबणं मागच्यासारखं नव्हतं, दर चार आठवड्यांनी स्कॅन होता. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर कोरडे गेले. डिसेंबरच्या स्कॅनमध्ये त्यांनी मला पडद्यावरच्या बारीक, वळणावळणाच्या नव्या वाहिन्या दाखवल्या. बंद शिरेला वळसा घालून रक्त पलीकडे नेणाऱ्या. मला ते चित्र छापून हवं होतं, टेक्निशियन मुलीने दिलं. फेब्रुवारी २०२५ चा स्कॅन २५५, नजर ६/९. बीपीची गोळी रोज सकाळी देवाला दिवा लावला की लगेच, आणि घरी यंत्र आणलंय, १,८०० रुपयांचं. रविवारी सासूबाईंचंही मोजते.

डाव्या डोळ्याने बघितलं तर मधल्या चौकटीची एक रेघ अजूनही किंचित आत झुकलेली दिसते. डॉक्टर म्हणतात, तेवढी राहील. खतावणी परत माझ्याकडे आली आहे, संध्याकाळी एकदा तीन-आठ पडताळून घेते. पुढची तारीख १२ जून, सकाळी अकरा, फक्त स्कॅन.